चष्मा काढण्याबाबत

माणूस मेला आहे हे कुणीतरी ठरवावं लागतं; नुसतं मरून भागत नाही. पूर्वी हे काम घरातली वडीलधारी माणसं नाकापुढे सूत धरून करीत. पुढे सरकार आलं, दवाखाने आले, आणि काम शिकलेल्या माणसाकडे गेलं. ही प्रगतीच म्हणायची. सूत कुणीही धरू शकतो. दाखल्यावर सही करायला एल.एम.पी. व्हावं लागतं.

डॉ. गुणवंतराव एल.एम.पी. झाले होते. चांदा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत, कुकडटोला नावाच्या गावी, सरकारी दवाखान्यात ते १९५४ साली रुजू झाले. दवाखान्याला दोन खोल्या, एक व्हरांडा, वारलू नावाचा एक कंपाउंडर आणि तीन औषधं होती: लाल औषध, पांढरं औषध आणि संपलेलं औषध. (शेवटच्याचा खप सर्वांत जास्त.) डॉक्टर हुशार होते, कामसू होते, आणि नजर अधू असल्यामुळे जाड काचांचा चष्मा लावत. पहिल्या वर्षातच त्यांच्या लक्षात आलं की आपल्या दवाखान्यातून माणसं फार निघून जातात.

म्हणजे आपल्या पायांनी नव्हे. उचलून नेली जातात, आणि नेणारे रडत असतात.

पहिला नंबर लालसूचा. हा धट्टाकट्टा गडी मांडीवरचं गळू कापून घ्यायला आला होता. सुई उकळत होती तिची वाफ डॉक्टरांच्या काचांवर आली. डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला, तोवर लालसूच्या बायकोनं भिंतीवर हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या. चौघांनी लालसूला उचलून बंडीत घातलं. लालसूनं डोळे मिटून घेतले.

"अरे, तू जिवंत आहेस," डॉक्टर बैलबंडीमागं धावत म्हणाले.

लालसूनं एक डोळा उघडला. "आता काऊन लपवता जी," तो समजुतीनं म्हणाला, "समद्याईनं पाह्यलं ना." आणि डोळा मिटला.

घरी पोचल्यावर त्यानं पेज मागितली, तेव्हा घरात दोन तट पडले. पेज द्यावी म्हणणारा तट थोडक्यात जिंकला. गळू आपसूक फुटलं. लालसू आजही आहे, पण गावच्या बैठकीत त्याचं मत आता फारसं कुणी विचारत नाही.

घरी न्यायची एवढी घाई का, हे समजण्यासारखं आहे. सरकारी जागेत माणूस मेला की पोलीस येतात, पंचनामा होतो. शिवाय मेलेलं माणूस न्यायला कुणी आपली बंडी देत नाही, आणि दिली तर बैलांचं शुद्धीकरण आलं. म्हणून शहाणी माणसं मरणाच्या जरा आधी निघतात. जरा आधी म्हणजे नेमकं केव्हा, हे ती डॉक्टरच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. यात अडाणीपणा काही नाही. तोंडाकडे पाहण्याजोगं दुसरं काही त्या दवाखान्यात नव्हतंच.

दवाखान्याच्या नोंदवहीत, शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं:

चष्मा काढण्याचे प्रसंग (अठरा महिने) : अकरा.
कारणं : घाम पाच. वाफ चार. नाकावर माशी एक. आठवत नाही एक.
घरी नेलेले रुग्ण : अकरा. (पैकी एक दातदुखीचा.)
त्यांतले आज जिवंत : नऊ.

म्हणजे शेकडा ब्याऐंशी. दवाखान्यात राहून बरं होण्याचं प्रमाण याहून कमी होतं. हा आकडा डॉक्टरांनी वर कळवला नाही.

उरलेल्या दोघांपैकी एक म्हातारा होता आणि तो कुठंही मेलाच असता. दुसरी सुगंधाबाई. तिला हिवताप होता, एक सुई दिली होती, पाच द्यायच्या होत्या. डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला, आणि ती गेली. आधी दवाखान्यातून, मग दोन दिवसांनी खरीच. तेवढं एक नाव त्या पानावर शाईनं लिहिलेलं आहे.

आपल्या चष्म्यात असं काय आहे ते डॉक्टरांना कळेना. वारलूला विचारलं तर तो म्हणायचा, "लोकं हायेत जी. लोकाईचं काय." हे उत्तर सरकारी नोकरीत पुरेसं समजलं जातं.

उलगडा सरकारनंच केला. १९५६ च्या जानेवारीत वरच्या कार्यालयातून पत्र आलं: ग्रामीण भागात होणाऱ्या नाटकांतून आरोग्यविषयक चुकीच्या समजुती पसरतात किंवा कसे, पसरत असल्यास किती, याचा अहवाल स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सादर करावा. औषधं मागितली होती त्याला हे उत्तर होतं. डॉक्टर खूश झाले. पहिल्यांदाच सरकारनं त्यांना असं काही मागितलं होतं, जे त्यांच्याकडे भरपूर होतं. ते म्हणजे तिरस्कार.

झाडीत धान घरात आलं की पट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती, आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत नाटक. कुकडटोल्याच्या मंडळाचं नाटक ठरलेलं होतं: 'शेवटचा ठोका ऊर्फ सासू भानावर आली'. नऊ वर्षं तेच. डॉक्टर पहिल्या रांगेत, सरकारी खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसले.

अहवालातील निवडक आक्षेप. (एकूण त्रेचाळीस. बाकीचे वरच्या कार्यालयात उंदरांनी तपासले.)

१. डॉक्टर प्रभाकर (भूमिका: लटारू शिंपी) यांना बोलावणं धाडण्याचं ठरतं, तेवढ्यात ते दारात उभे असतात. प्रत्यक्षात बंडीनं दीड दिवस लागतो, आणि डॉक्टर अहेरीला मीटिंगला गेलेले असतात.

२. तपासणीची नळी कानात घातली जात नाही. ती सायकलच्या ट्यूबची असून तिचं टोक म्हणजे तपकिरीची डबी आहे. हे टोक अनुक्रमे रुग्णाच्या डोक्यावर, पोटावर आणि एकदा तुळशीवृंदावनावर ठेवण्यात आलं.

५. थर्मामीटर (शिसपेन्सिल) तोंडात असताना रुग्णानं दोन पदं म्हटली. दुसऱ्या पदाला फर्माईश आल्यामुळे तो झटकून पुन्हा लावला. (झटकण्याची पद्धत बरोबर होती.)

९. रुग्ण सून क्षयाच्या शेवटच्या पायरीवर आहे. ही भूमिका करणारे बापूजी यांचं वजन अंदाजे एकशे नव्वद पौंड. अंकागणिक ते वाढताना दिसतं. (मध्यंतरात जेवण असतं.)

१४. सुई लुगड्यावरून टोचली जाते, तीही सुनेऐवजी सासूला. गुण सुनेला येतो.

२६. 'आता सगळं परमेश्वराच्या हाती' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी चार वेळा आहे. दवाखान्याचा औषधसाठा पाहता हा आक्षेप मागे घेत आहे.

४३.

त्रेचाळीसपाशी डॉक्टरांची पेन्सिल थांबली होती. कारण रंगमंचावर लटारूनं सुनेची नाडी सोडली, दोन पावलं पुढे आला आणि चष्मा काढला. नुसती तारेची चौकट, काचा नव्हत्याच. आधी एक काडी मिटली. मग दुसरी. पेटीवाल्यानं खालचा एकच स्वर धरला. समोर बसलेली आठशे माणसं एका घशानं रडली. सुनेनं मान टाकली. ती त्याच्या आधी टाकली असती तर चाललं नसतं. ती लटारूच्या दुसऱ्या काडीनंतरच मरते, आणि हे नऊ वर्षं गावोगाव सगळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. लालसू, दातदुखी, सुगंधाबाई. त्यांनी लिहिलं:

४३. मृत्यूची खात्री करण्यासाठी नाडी, हृदयाचे ठोके, श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासाव्या लागतात. चष्मा काढणं ही तपासणी नव्हे. उलट चष्मा काढल्यावर डॉक्टरला कमी दिसतं.

(हे लिहिताना त्यांना दोनदा नाक पुसावं लागलं. थंडीचे दिवस होते.)

अहवाल पाठवला तो मध्यप्रदेश राज्यात. उत्तराची वाट पाहता पाहता राज्य बदललं आणि जिल्हा मुंबई राज्यात गेला. दरम्यान डॉक्टरांनी आपल्यापुरता उपाय केला: बुटाची एक नाडी घेतली, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधली आणि डोक्यामागं दोन गाठी मारल्या. दिवसभर माणसांसमोर चष्मा काढायचा नाही. घाम आला तर काचेखालून बोट घालायचं. माशी बसली तर बसू द्यायची. त्यानंतर दवाखान्यातून एकही रुग्ण उचलून नेला गेला नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना डॉक्टरांना जखमा झाल्या. वैद्यकीय सेवेत एवढं चालतं.

मग १९५८ च्या जानेवारीत, पटाला आठ दिवस उरले असताना, मुंबईकडून उत्तर आलं: सदर नाटकातील वैद्यकीय त्रुटी दूर करून स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मिळेपर्यंत प्रयोगाचा परवाना देऊ नये.

मध्यंतर

(सुधारित तिसरा अंक. लेखक: डॉ. गुणवंतराव, एल.एम.पी. तालीम: बापूजींचं अंगण, सकाळी.)

सून आजारी पडते. बोलावणं जातं. डॉक्टर नसतात. सून वाट पाहते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येतात, नळी कानात घालतात आणि सर्वांना गप्प बसायला सांगतात. सर्व गप्प बसतात. नाडी मोजली जाते. पूर्ण एक मिनिट. डॉक्टर सुनेला तिचं नाव, वय आणि शौचाची तक्रार विचारतात व लिहून घेतात. सासू विचारते, वाचेल का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पाणी उकळून प्या. पडदा.

तालमीला बारा माणसं होती. नऊ झोपली. दोन उठून गेली. उरलेला एक नुकताच महिनाभराच्या तापातून उठला होता. तो म्हणाला, "एकदम खरं हाये जी. मनूनच पाह्यल्या जात नाई."

लटारूनं आपला तारेचा चष्मा डब्यात ठेवला. "डाक्टर सायेब," तो म्हणाला, "यात मी काय करू? मी त नुसता उभा हावो."

"खरा डॉक्टर बराच वेळ नुसता उभाच असतो," डॉक्टर म्हणाले.

"मंग लोकं तुमच्याकडं येते कायले?"

डॉक्टरांनी दाखला द्यायचं नाकारलं. मंडळाची तालीम थांबली. पट आता सहा दिवसांवर आला.

मध्यंतर संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊ मैलांवरच्या जंगलातल्या पाड्यावरून एक बंडी आली. बंडीत भाताच्या तणसावर सोमारी होती. वय वीसच्या आसपास, अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे आणि काही न पाहणारे. बरोबर तिचा नवरा कोलू आणि सासरा इतवारी. हिवताप डोक्यात चढला होता. दर बारा तासांनी कोयनेलची एक सुई, अशा सहा सुया लागणार होत्या. कपाटात मोजून सहा होत्या. डॉक्टरांनी दोनदा मोजल्या, कारण सरकारी पुरवठ्यात अशी गोष्ट घडत नाही.

पहिली सुई सकाळी दिली. सोमारीला व्हरांड्यात बाजेवर ठेवलं. कोलू उशाशी बसला. इतवारी खांबाला टेकून डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत बसला. दिवस मावळायला दोनएक तास उरले असताना डॉक्टर तिच्या पापण्या उघडून पाहायला खाली वाकले, आणि दोन वर्षं घामात मुरलेली बुटाची नाडी तटकन तुटली. चष्मा सोमारीच्या छातीवर पडला.

इतवारी उठला. तो रडला नाही, ओरडला नाही. कोलूला म्हणाला, "बंडी जुंप."

"पडला," डॉक्टर म्हणाले. "मी काढला नाही. दोरी तुटली. ही पाहा."

इतवारीनं दोरीची दोन टोकं हातात घेऊन नीट पाहिली. "तुटलीच ना जी मंग," तो म्हणाला.

"अहो, पडणं वेगळं, काढणं वेगळं."

"त्या वर्षी बापूजी सून नाई मेली का? चस्मा पडलाच होता ना लटारूचा? कोनं काढला होता?"

हे खरं होतं, आणि तालमीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर आलं होतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या अंकातच घामानं लटारूचा चष्मा घसरला, आणि बापूजी इतके नियमाचे की तिथल्या तिथं मेले. सासू भानावर यायची होती, दोन पदं बाकी होती. मग लटारूनं चष्मा उचलला, फुंकर मारली, डोळ्यावर चढवला आणि म्हणाला, 'थांबा. एक ठोका बाकी हाये.' बापूजी उठून बसले आणि नाटक उजाडेपर्यंत चाललं.

"पण मग उठला ना तो बापूजी," डॉक्टर म्हणाले, आणि आपण कशाचा दाखला देतो आहोत हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"उठला. लटारूनं घातला तवा उठला."

"मी घालतो. हा घातला."

तिघांनी सोमारीकडे पाहिलं. ती तशीच पडली होती.

"नाई उठली," इतवारी म्हणाला. त्याच्या आवाजात दोष नव्हता. लटारू अकरा वर्षांचा जुना डॉक्टर, हे चार वर्षांचे.

कोलू हळूच म्हणाला, "बा, सास चालू हाये तिचा."

"चालू हाये मनूनच जुंप मनतो. बंद झाल्यावर कोन नेऊ देईन? वाटेत अंधार पडते, नाला हाये. आपल्या घरी जाईन ते. आपल्या मानसाईत."

डॉक्टरांना वहीचं ते पान दिसलं. पेन्सिलीच्या ओळी नव्हे, शाईची एक. बंडीच्या नऊ मैलांत सोमारीचं काय होईल ते त्यांना पुस्तकातल्यासारखं पाठ होतं.

"एक तास थांबा," ते म्हणाले.

"कायले?"

एल.एम.पी. च्या परीक्षेत तोंडी प्रश्नांना न अडखळलेले डॉक्टर इथं जरा अडखळले. "लटारूला आणतो."

इतवारीनं मान हलवली. समोरच्या मोहाच्या झाडाकडे बोट केलं. "सावली दवाखान्याच्या पायरीले लागेपर्यंत थांबतो. मंग नाई."

लटारू यंत्रावर कुणाची तरी बंडी शिवत होता. (इकडे बिनबाह्यांच्या कुडत्यालाही बंडीच म्हणतात. त्यानं आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही.) डॉक्टरांची सायकल दारात थांबली तरी त्यानं पाय थांबवला नाही.

"या डाक्टर सायेब. चव्वेचाळीसवा आक्षेप आनला का?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. धापा टाकत, वाक्यं अर्धी सोडत. अहवालात अशी भाषा त्यांनी कधी वापरली नव्हती.

"पन मी त खोटा डाक्टर ना जी," लटारू म्हणाला. "माह्या नळीले तुमी तपकिरीची डबी मनून लिवलं. मुंबईले."

"तपकिरीचीच डबी आहे ती."

"हाये ना. पन लिवलं काऊन?"

लटारूनं यंत्राच्या खणातून एक कागद काढला. वर मंडळाचं नाव होतं, खाली जागा मोकळी. "प्रयोग तपासला, वैद्यकीय दृष्टीनं बिनचूक आहे, असं लिवा. बिनचूकच्या खाली दोन रेघा."

डॉक्टरांनी लिहिलं. सही केली. दोन रेघा मारल्या. (हा दाखला मंडळाच्या पेटीत जपून ठेवला आहे. सरकारनं त्या वर्षी जिल्ह्यात दिलेल्या दाखल्यांपैकी एवढा एकच कुणाच्या उपयोगी पडला, असं जाणकार सांगतात.)

मान वर केली तेव्हा लटारू कोट घालून, गळ्यात नळी अडकवून, सायकलच्या कॅरियरवर बसलेला होता.

"चला ना जी, सावली सरकून राह्यली," तो म्हणाला. वाटेत पाठीमागून म्हणाला, "मी येतच होतो. कागद त उगाच मांगून पाह्यला."

सावली पायरीपासून हातभर होती. बैल जुंपलेले होते.

लटारू सायकलवरून उतरला आणि एकदम सहा बोटं उंच झाला. त्यानं व्हरांड्यात पाऊल टाकताच इतवारी दोन पावलं मागे सरला आणि हात जोडले, जे त्यानं डॉक्टरांसमोर कधी केलं नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत लटारूनं एकूण एकतीस चुका केल्या. डॉक्टरांना सवयीनं मोजल्याशिवाय राहवेना. त्यानं नळी सोमारीच्या कपाळाला लावली (आक्षेप २). शिसपेन्सिल झटकली. डाव्या मनगटाच्या चुकीच्या बाजूला नाडी धरली आणि आढ्याकडे पाहत मान डोलावली. कोलूला विचारलं, "घरात कोनं हिले बोललं का?" कोलू म्हणाला, "नाई जी." "बोलू नोका," लटारू म्हणाला. रोगाच्या कारणांमध्ये हे कुठल्याच पुस्तकात नाही. कोलूनं मात्र मान खाली घातली, आणि त्या बाईला नंतर खरंच कुणी बोललं नाही असं म्हणतात.

या पाच मिनिटांत डॉक्टरांकडे कुणीही पाहत नव्हतं. त्यांनी बाजेच्या पलीकडे बसून, गोधडीखाली, दुसरी सुई वेळेआधी दोन तास दिली. सरकारी नोकरीत त्यांनी इतक्या शांतपणे कधीच काम केलं नव्हतं.

मग लटारूनं आपला तारेचा चष्मा, डोळ्यांवरून काढून नव्हे, खिशातून काढून, फुंकर मारून, डोळ्यांवर चढवला.

"थांबा," तो म्हणाला. "एक ठोका बाकी हाये."

कोलूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतवारी खांबाला धरून खाली बसला. "सोड बैल," तो कोलूला म्हणाला. "राहू मंग."

इथं थांबायला हवं होतं. पण अकरा वर्षांची सवय. लटारू पुढे आला, दूर पाहत म्हणाला, "आता सगळं परमेश्वराच्या हाती," आणि त्याचा उजवा हात आपोआप चष्म्याच्या काडीकडे निघाला. नाटकात या वाक्यानंतर दुसरं काही होतच नाही.

डॉक्टरांनी झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं.

दोघं तसेच उभे राहिले. खऱ्या डॉक्टरानं खोट्या डॉक्टराचा हात धरलेला.

"काय पाह्यते थो?" कोलूनं विचारलं.

"नाडी," इतवारी म्हणाला. "मोठ्या डाक्टरची नाडी पाहून राह्यला. शिकून राह्यला."

पुढचे दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, सुईच्या वेळी लटारू यायचा. यंत्र थांबवून, कोट चढवून. तिसरी, चौथी, पाचवी. सोमारीचा ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. ती कुणाला ओळखत नव्हती. डॉक्टर एका कुशीवर, अर्धे जागे, चष्मा डोळ्यांवर ठेवूनच आडवे होत. तुटलेल्या नाडीच्या जागी आता त्यांनी चामड्याची वादी बांधली होती, दोन गाठींऐवजी तीन.

सहावी सुई तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली. कपाट रिकामं झालं. आता लाल औषध होतं आणि पांढरं औषध होतं.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं होतं. इतवारी आणि कोलू नाल्यावर तोंड धुवायला गेले होते. वारलू आत स्टो पेटवत होता. डॉक्टर बाजेजवळ गेले. सोमारी हलत नव्हती. त्यांनी थर्मामीटर लावला, उजेडाकडे धरून पाहिला. नाडी धरली, पूर्ण एक मिनिट. पुन्हा थर्मामीटर पाहिला. मग डोक्यामागं हात नेऊन त्यांनी एक गाठ सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली.

चष्मा काढला.

आधी एक काडी मिटली. मग दुसरी.

 

 

सोमारीचा ताप उतरला होता. रात्रीच केव्हातरी. ती झोपली होती. चार दिवसांत पहिल्यांदा साधी झोप. डॉक्टरांच्या काचांवर आतून पाणी आलं होतं. (धुकं होतं, हे आधी सांगितलंच आहे.) ते पुसत असताना तिनं डोळे उघडले, दारात आलेल्या वारलूकडे पाहिलं आणि विचारलं, "हा मानूस कायले रडून राह्यला?"

वरती दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे. त्या दोन ओळींत आपण सोमारीला उचललंत, बंडीत घातलंत आणि निम्मी वाट गेलातही. आपण शाळेत गेलेले आहात. आपल्याकडे वर्तमानपत्र येतं. लालसूला हसलात तेव्हा मनात कुकडटोल्याच्या लोकांना एक शब्द वापरलात, तो इथं पुन्हा लिहीत नाही. त्यांना ही गोष्ट शिकायला नऊ वर्षं लागली, तीही पेटी वाजत असताना. आपल्याला अर्ध्या तासात, आणि तेही कागदावर.

असो. बैल थांबवा, तिला उतरवा. ती पेज मागते आहे.